अकरा महिन्यांची गाणी

मुळशी तालुक्यात आजवर कधीही, कुठेही आणि कितीही काळ भाड्याने राहिलेल्या तमाम मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आपापल्या घरमालकांच्या विक्षिप्तपणाच्या ज्या कहाण्या आपण मित्रमंडळींत रंगवून सांगत आलात, त्या आता कृपया आवरत्या घ्याव्यात. विक्षिप्त घरमालकाचे पद नांदे या गावी कायमचे भरले गेलेले आहे. ते आमचे मालक. याबाबत कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

घोषणा झाली. आता पुरावा.

दोन हजार सात-आठच्या सुमारास मी हिंजवडीच्या एका कंपनीत लागलो आणि खोली शोधत शोधत नांद्यात पोचलो. तेव्हाचं नांदे अर्धं भाताचं आणि अर्धं सिमेंटचं होतं. रस्त्याच्या एका अंगाला खाचरात हिरवंगार भात, दुसऱ्या अंगाला 'बुकिंग चालू' असा फलक आणि त्यावर पोहण्याच्या तलावाकाठी हसणारं एक गोरंपान कुटुंब. मालकांनी दोन्ही युगं आपल्या हद्दीत राखली होती. पुढं स्वतःचं कौलारू घर, मागं एका ओळीत आठ पक्क्या खोल्या आणि मध्ये भलंमोठं सारवलेलं अंगण. मालक साठीच्या घरातले. उंचीनं बेताचे; आवाजानं मुळीच बेताचे नव्हते. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, कडक टोपी आणि कमरेला आठ किल्ल्यांचा जुडगा. चालायला लागले की बैल येतोय की मालक, हे वळणावर कळत नसे.

"कुटलं?" त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं.

"अकोला."

"गानी ऐकता का?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्याही घरमालकानं विचारला नव्हता. "ऐकतो," मी म्हणालो.

"मोठ्यानं, का कानात बोंडं घालून?"

"कानात. लोकांना त्रास नको म्हणून."

"म्हंजे एकट्यानंच. ताटावर पदर घेऊन जेवल्यासारखं." त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असू द्या. खोली देतो. हितं ऱ्हाऊन सुधराल."

नाव त्यांनी विचारलंच नाही. त्या दिवसापासून मी 'अकोला' झालो. शेजारच्या खोलीतला शेख, जो सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत होता आणि आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं मराठी बोलायचा, तो 'सोलापूर'. पलीकडं बीड होता, जळगाव होता आणि दोन भाऊ एकत्र राहायचे ते 'सांगली थोरलं' आणि 'सांगली धाकटं'. सकाळी साडेसातला मालक अंगणात उभे राहून हाका मारू लागत : "जळगाव, नळ बंद कर. बीड, तुजी बस गेली. सांगली धाकटं कुटं हाय? त्याला म्हनावं, टॉवेल उडाला." रस्त्यावरनं जाणाऱ्याला वाटे, कुणी मंत्री राज्याचा आढावा घेतोय.

पण हे सगळं किरकोळ. मालकांची खरी थोरवी अकराव्या महिन्यात कळायची.

भाड्याचा करार आपल्याकडं अकरा महिन्यांचा असतो. मुदत संपली की दोघं नव्या कागदावर सह्या करतात, चहा पितात, आणि भाडेकरू आहे तिथंच राहतो. त्याचा भिंतीतला खिळासुद्धा हलत नाही. मालकांना हे मंजूर नव्हतं. पौडच्या एका वकिलानं त्यांना केव्हातरी सांगून ठेवलं होतं, की भाडेकरू सलग राहिला तर पुढं हक्क सांगतो, तेव्हा मध्ये खंड पाडत चला. वकिलाच्या मनात कागदावरचा खंड होता. मालकांनी तो अंगणात पाडला.

"कागद काय, काय बी म्हनंल," ते सांगायचे. "कुलूप लागलं पायजे."

आठही खोल्यांचे करार त्यांनी एकाच दिवशी संपतील असे बसवले होते. त्या दिवशी सकाळी प्रत्येकानं आपलं सगळं सामान, अगदी केरसुणीसकट, अंगणात आणायचं. मग मालक एकेका रिकाम्या खोलीत जात, मधोमध उभे राहत आणि एक टाळी वाजवत. टाळी घुमली, तर खोली रिकामी. नाही घुमली, तर काहीतरी राहिलंय. एकदा बीडच्या खोलीत टाळी बसकी वाजली आणि मालकांनी मोरीतल्या माळ्यावरून त्याची एक सतरंजी ओढून काढली. असा कान मी पुन्हा कुणाचा पाहिलेला नाही.

मग आठ कुलपं. दिवसभर आम्ही शिकलेसवरलेले, गळ्यात कंपनीचे पट्टे घालणारे लोक आपापल्या गादीवर अंगणात बसून असायचो. काकू, म्हणजे मालकांची बायको, सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढायच्या. एकमेकांचं सामान उघड्यावर दिसायचं, त्यात मोठी करमणूक होती. सांगली थोरल्याकडं सात उशा निघाल्या. त्याचा समाधानकारक खुलासा त्याला आजतागायत करता आलेला नाही. दिवेलागणीला मालक टोपी सारखी करून एकेका दारात उभे राहत आणि आम्हाला कधी पाहिलंच नाही अशा चेहऱ्यानं विचारत, "या पाव्हनं. नवीन आलात का? कुटलं?"

"अकोला," मी म्हणायचो.

"बरं. खोली हाय. ऱ्हावा."

कुणी हसलं, तर त्याला पुन्हा गादीवर जाऊन पुन्हा यावं लागे.

आता गाण्यांकडं येतो, कारण हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय.

मालकांच्या पुढच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात बारा महिने, चोवीस तास एक पिवळा बल्ब जळत असे. पाहुण्यांना वाटे, आत देव असावेत. आत कॅसेटी होत्या. मुळशीच्या दमट हवेनं त्यांना बुरशी धरू नये म्हणून तो बल्ब. तरुणपणी मालकांनी एक मोठा टेपरेकॉर्डर घेतला होता आणि गावात जे जे वाजेल, गाईल, ते ते त्यात भरायचा त्यांना नाद लागला होता. भजनं, हळदीची गाणी, एक सबंध ग्रामसभाही होती. पण कपाटाचे मधले दोन खण एकाच आवाजाचे होते. तो आवाज आक्कांचा, त्यांच्या थोरल्या बहिणीचा.

भातलावणीच्या दिवसांत आक्का खाचरात पुढं उभ्या राहून गायच्या आणि मागं रांगेत वाकलेल्या बाया ते गाणं झेलायच्या. मालक बांधावर. गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टेपरेकॉर्डर. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला त्यांचा स्वतःचा, तरुण, भलताच अधिकारी आवाज येतो : "आज वार मंगळवार. पानी घोट्याच्या वर. गानार आक्का. शांता आली न्हाई, तिच्याकडं जावई आल्यात." मग गाणं. आणि गाण्याच्या मध्येही मालक गप्प नसत. "जरा जोरात, आक्का." "मागनं कोन खोकतंय?" एका कॅसेटमध्ये आक्कांनी वैतागून गाता गाता तिथल्या तिथं एक कडवं जोडलंय :

भाऊ माझा बांधावरी, पेटीसंगं बोलतो गं
रोप द्याया हाक मारा, खेकड्याला भितो गं

त्यावर मालकांचा पडलेला आवाज येतो, "आक्का, ह्ये नगं." आणि मग बायांचं हसणं, कितीतरी वेळ. मालक ही कॅसेट प्रत्येक नव्या भाडेकरूला ऐकवायचे आणि वर सांगायचे, "भितो म्हंजे तवा. आता न्हाई."

आक्का त्यांच्याशी बोलत नव्हत्या. हे मला काकूंनी सांगितलं. पूर्वी जमीन विकली गेली तेव्हा बहीण म्हणून आक्कांची हक्कसोडपत्रावर सही लागली. आक्कांनी एक अवाक्षर न काढता सही केली. फक्त म्हणाल्या, "घरामागचं खाचर तेवढं ठेव." मालक 'व्हय' म्हणाले. पुढं हिंजवडीला कंपन्या आल्या, माणसं खोल्या शोधत फिरू लागली. मालकांपाशी रस्त्याला लागून तेवढी एकच जागा उरली होती. आक्का एकदा माहेरी आल्या, तर खाचरात पाया खणलेला. त्यांनी तो पाहिला, गवंड्यांच्या देखत म्हणाल्या, "आजपासनं तुजं-माजं बोलनं संपलं," आणि त्याच पावली नाशिकला मुलाकडं निघून गेल्या. म्हणजे मी ज्या खोलीत फरशीवर गादी टाकून झोपत होतो, तिच्याखाली आक्कांची गाणी होती.

इथं कुणीही दुसरा माणूस खचला असता. मालकांना आपल्या यशाची खात्री होती.

"बोलंल," ते म्हणायचे. "हट्टी हाय, पर माज्याइतकी न्हाई."

एकदा ते नाशिकला जाऊन आले होते. आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. सुनेनं चहा आणून दिला. मालकांनी तो प्यायला आणि परत आले. ही हकीकत ते एखादा किल्ला घेतल्यासारखी सांगत. "चहा तिच्या हातचा व्हता. आलं ठेचून घातलेलं. सून किसून घालती. म्हंजे निम्मं बोलनं झालं का न्हाई?"

उरलेलं निम्मं गाणी करतील, असा त्यांचा हिशेब होता. आक्कांनी स्वतःचा आवाज ऐकला की त्यांना राहवणार नाही. त्यांनी कॅसेटी कुरिअरनं पाठवून पाहिल्या. पुडकं न फोडता परत आलं. नाशिकच्या घरात टेपरेकॉर्डरही नव्हता. आणि इकडं कपाटात, बल्ब जळत असतानाही, दोन कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसू लागली होती.

"अकोला," ते एका रविवारी माझ्या दारात येऊन म्हणाले, "दारातनं न जाता घरात पोचंल असं काय हाय का तुमच्या कंपनीत?"

मला नांद्यात येऊन तोवर तीन वर्षं झाली होती, आणि माझ्या कंपनीत त्या वर्षी सगळे क्लाऊड, क्लाऊड करत होते. आपलं संगीत दूरच्या कुणाच्या तरी सर्व्हरवर ठेवायचं आणि पासवर्ड टाकून कुठूनही ऐकायचं, अशा सोयी नव्यानं निघाल्या होत्या. मी त्यांना समजावून सांगितलं. क्लाऊड म्हणजे ढग, या विनोदाला मी इथं मज्जाव करतो. तो आमच्याकडं प्रत्येक मीटिंगमध्ये एकदा व्हायचा आणि मॅनेजर हसायचे म्हणून सगळे हसायचे. मालकांनी तो केला नाही. त्यांनी नेमका प्रश्न विचारला.

"खोली कुनाची?"

"एका कंपनीची. अमेरिकेत आहे."

"भाडं?"

"थोडी जागा फुकट देतात."

मालक सावध झाले. "फुकट खोली देनारा मालक मी अजून बघितला न्हाई. त्याचा करार वाच."

त्या सोयीच्या अटी जगात आजवर कुणीही वाचलेल्या नाहीत. सगळे खाली जाऊन 'मान्य' दाबतात. मी त्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मराठीत करून, नांद्याच्या अंगणात, मोठ्यानं वाचल्या आहेत. सोलापूर अवघड शब्दांना मदत करायचा. कंपनीला वाटेल तेव्हा, कारण न देता, तुमचं सामान काढून टाकता येईल, हे कलम आलं तेव्हा मालकांनी मांडीवर थाप मारली. "शाना हाय. आपल्यातलाच हाय." तक्रार असल्यास अमेरिकेतल्या कोर्टात यावं लागेल, यावर ते म्हणाले, "आमचं पौडला असतंय. ज्याचं त्याचं गाव." पण सगळं वाचून झालं, तरी एक कलम त्यांना सापडलं नव्हतं.

"मुदत?"

"मुदत नाही. हवं तितके दिवस ठेवा."

"बिनमुदतीचा करार?" ते उठूनच उभे राहिले. "म्हंजे उद्या त्यो म्हनंल, इतकी वर्सं माज्या खोलीत हाय, तर गानी माजीच. काय बोलशील? आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात सलग ठिवायची न्हाई. अकरा म्हैनं झालं की एकदा भाईर काढायची, एक दिस अंगनात आनायची, मग परत. तसं असंल तर ठिव."

सोलापूर मला हळूच म्हणाला, "हो म्हण. अकरा महिन्यांनी कोण बघतंय." सोलापूर नवीन होता, त्यानं अजून एकही अकरावा महिना पाहिला नव्हता.

काम सुरू झालं. टेपरेकॉर्डरची वायर माझ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि कॅसेट जितकी लांब, तितका वेळ ती वाजू द्यायची. मालक शेजारी खुर्ची टाकून बसत, तरुण मालकांशी बोलत. टेपमधले म्हणत, "मागनं कोन खोकतंय?" आणि खुर्चीतले उत्तर देत, "गंगू. तिला तवा डांग्या झालाता."

या कॅसेटी कोऱ्या नव्हत्या. स्वस्त पडतं म्हणून त्यांनी सिनेमाच्या जुन्या कॅसेटींच्या कडेच्या भोकांवर चिकटपट्टी लावून त्यांच्यावरच रेकॉर्डिंग केलं होतं. त्यामुळं आक्कांचं गाणं संपून एक श्वास जातो न जातो, तोच कुठलंतरी ढँचिक ढँचिक मधूनच सुरू व्हायचं आणि कुणी बाई इंग्रजीत ओरडायची. मी म्हणालो, "हे कापून टाकतो."

"नगं. आधीचा भाडेकरू हाय त्यो." मग माझ्याकडं बोट रोखून, "बघितलंस? खोली रिकामी न करता दुसरा घातला की असं व्हतं. म्हनून टाळी वाजवायची."

इंटरनेटचं त्या वेळी सांगायला नको. डोंगलला रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेला यायची. सोलापूरचा लॅपटॉप आम्ही तिथं छत्रीखाली ठेवायचो आणि एक गाणं वर चढायला सबंध सकाळ लागायची. मालक जिन्यात पहाऱ्याला. सांगली धाकटा कपडे वाळत घालायला आला, तर ते बोट ओठांवर ठेवत : "आक्का चाललीया. खाली जा." असं करत दोन-अडीच महिन्यांत दोन्ही खण चढले.

नाशिकची बाजू काकूंनी सांभाळली. आक्कांच्या सुनेकडं घरी कॉम्प्युटर होता. काकूंनी तिला फोन करून पत्ता आणि पासवर्ड दिला. दोन दिवसांनी तिचा निरोप आला : "आईंना दाखवलं. कुठलं बटण दाबायचं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, ठेवायचं असेल तर ठेवा."

बस. त्यानंतर काहीच नाही. ना फोन, ना निरोप. सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "मी सकाळी कामावर जाते मामी, संध्याकाळी येते. मधलं मला काय माहीत?"

मालक रोज बसच्या आधी मला गाठायचे. "कोन आलंतं का?"

"त्यात तसं कळत नाही, मालक. कुणी ऐकलं, किती वेळ ऐकलं, ते दाखवत नाहीत."

"कसला मालक हाय ह्यो?" ते खरोखर दुखावले जायचे. "आपल्या खोलीत कोन येतं-जातं त्याला ठावं न्हाई? बीडकडं गुरवारी आला तो त्याचा मावसभाऊ न्हवं, ह्ये मला ठावं हाय. आन् ह्यो एवढा अमेरिकेचा." मग जुडगा सावरत, "असू दे. ऐकत आसंल. माजी भन हाय."

पावसाळा गेला, थंडी गेली, उन्हाळा गेला. 'ऐकत आसंल' हे वाक्य त्यांनी एकाही दिवशी खालच्या पट्टीत म्हटलं नाही. फक्त काकू मला एकदा म्हणाल्या, "आता कपाटाफुडं बसत्यात. लावत न्हाईत कायबी. बल्ब बघत बसत्यात." त्यानंतर मालकांनी विचारलं की मी आधीच्यापेक्षा जरा मोठ्यानं, "ऐकत असतील," म्हणायला लागलो.

आणि अकरावा महिना संपला तो नेमका जुलैत. ज्यानं मुळशीचा जुलै पाहिला नाही, त्याला मी काय सांगू. चार दिवस आभाळ उघडलं नव्हतं. आम्ही सगळे जिल्हे एकजुटीनं मालकांकडं गेलो आणि मुदत आठवडाभर पुढं ढकला म्हणून विनवलं. मालकांनी ताडपत्र्या आणून ठेवल्या होत्या.

"पावसाला करार ठावं न्हाई," ते म्हणाले, "पर कराराला बी पाऊस ठावं न्हाई. भाईर काढा. पयली गानी."

मी सांगून पाहिलं. काढायला क्षणभर लागेल. पुन्हा चढवायला दोन-अडीच महिने. माझ्याकडं कॉम्प्युटरवर सगळी आहेतच, चोरीला काही जात नाही. आणि नेमके लावणीचे दिवस, आक्का आत्ताच ऐकत असल्या तर?

शेवटच्या वाक्यावर त्यांचा हात जुडग्यावर थांबला. मग ते म्हणाले, "दुसऱ्याच्या खोलीत आपली वस्तू, म्हंजे आपन भाडेकरू. मी तुमाला पावसात बसवनार आन् माजी गानी तिकडं सुकी ऱ्हानार? त्ये जमायचं न्हाई."

या माणसाशी वाद घालता येत नसे, कारण तो प्रामाणिक होता.

सकाळी गच्चीवर, त्यांच्या देखत, मी सर्व्हरवरची सगळी गाणी पुसली. रिकाम्या पडद्यापुढं उभं राहून त्यांनी एक टाळी वाजवली, कान दिला, आणि मान हलवली. मग माझा कॉम्प्युटर, ज्यात गाणी होती, तो अंगणात टेबलावर आणि वर दुहेरी ताडपत्री. त्यानंतर आमच्या गाद्या, सिलिंडर, उशा. कुलपं लागली. पाऊस थोडा ओसरला होता. आम्ही ताडपत्रीखाली खांद्याला खांदा लावून बसलो, आणि काकू पिठलं वाढत असताना मालकांच्या खिशात फोन वाजला.

मालक फोन कधी कानाला लावत नसत. तळहातावर ताटलीसारखा धरून स्पीकरवर बोलत, आणि पलीकडच्याला गावभर ऐकू येईल इतकं मोठ्यानं. त्यामुळं पुढचं सगळ्या जिल्ह्यांनी ऐकलं.

"हालो, कोन?"

"गानी कुटं गेली?"

बाईचा आवाज होता. वय झालेला, पण खणखणीत. तो ओळखायला आमच्यापैकी कुणालाही नाव लागलं नाही. आम्ही सगळ्यांनी तो कॅसेटमध्ये ऐकला होता. काकूंच्या हातातली पळी पातेल्यावर तशीच राहिली.

"आक्का?" मालक म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"सकाळधरनं बटन दाबतीया. सून कामावर जाती, मी तांदूळ निवडाया बसती, तवा लावती. रोज लावती. आज लावलं तर समदं रिकामं. एक बी न्हाई."

"रोज?"

"मग काय वर्सातनं एकदा? त्यो खेकड्याचा टेप तर दोनदा लावती." मग आक्कांचा आवाज एकदम कापरा झाला. "काय केलंस त्यांचं? खाचर गेलं. ती बी विकलीस व्हय?"

ज्या माणसानं अमेरिकेच्या कंपनीला, पौडच्या वकिलाला आणि जुलैच्या पावसाला उत्तर दिलं होतं, त्यानं टोपी काढून काखेत धरली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. फोन तळहातावर तसाच. काकू उठून त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मालकांच्या कोपराला नुसता हात लावला.

"न्हाई गं आक्का," मालक म्हणाले. "विकली न्हाईत. अंगनात हायेत. भाडेकरूंच्या सामानात."

पलीकडं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. ताडपत्रीवर थेंब टपटपू लागले होते आणि सांगली थोरल्यानं एक उशी उचलून माझ्या कॉम्प्युटरवर दाबून धरली होती.

मग आक्का, इतक्या वर्षांचं सगळं बाजूला पडून, धाकट्या भावावर ओरडल्या :

"आरं मग बघत काय बसलास, आत घे की त्यान्ला, पाऊस लागंल."